फिलिप्पैच्या नदीकाठची भाकरी

"पुष्पा, पाव काढ," साहेब म्हणाले. मी पिशवीची गाठ सोडली आणि आतून जो वास आला, त्यावरूनच मला कळलं की आता काही धडगत नाही.

दोन्ही पाव हिरवे पडले होते. नुसते ठिपके नव्हेत, चांगली लव आली होती त्यांच्यावर. आणि आम्ही होतो कुठं? ग्रीस देशात, फिलिप्पैच्या नदीकाठी. पौलाने लुदिया नावाच्या बाईला जिथं बाप्तिस्मा दिला असं मानतात, बरोबर त्या जागी. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीतली बावीस माणसं दगडी पायऱ्यांवर ओळीने बसलेली. घडीच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं. साहेब पांढरा झगा घालून उभे. आणि प्रभुभोजनाला पाव नाही!

साहेब म्हणजे माझे यजमान, रेव्हरंड शांतवन मकासरे. तीस वर्षं मी त्यांची बायको आणि गावाची पाळकीणबाई. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्या मंडळीने वाटून खायचा, पाव कापणं हे तीस वर्षं माझंच काम. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कडा काढायच्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, थाळीत रचून वर झाकण घालायचं. एकसारखे तुकडे पडावेत म्हणून मी सुरीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. त्यामुळे पाव खराब निघाला की दोष आपसूक माझा.

"हॉटेलातला घेऊ या म्हटलं होतं मी," मी हळूच म्हणाले.

"ते आता उकरून काढू नकोस."

का नको? मुंबईत म्हटलं, अथेन्सला म्हटलं. पण नाही! चाळीस वर्षं आपल्या मंडळीत एकाच भट्टीचा पाव आहे, परक्या भट्टीचा चालणार नाही, असा यांचा हेका. मग काय, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, बॅगेच्या तळाशी, मे महिन्याच्या उकाड्यात चार दिवस. द्राक्षरसाची बाटली विमानतळावरच काढून घेतली होती आणि रस इथल्या दुकानातून घ्यावा लागला होता, तेव्हा कुठं आभाळ कोसळलं नव्हतं.

आमची गाईडबाई घड्याळ दाखवायला लागली. पाऊण तासात दुसऱ्या देशाचा जथा बाप्तिस्म्यासाठी येणार होता. त्यातून तो रविवार, जवळपास एक दुकान उघडं नाही.

मंडळीचे पंच भास्करराव साळवे उठले. पंच म्हणजे मंडळीच्या कमिटीतले, आणि साळवे तर कमिटीचा आवाजच. "कुणाकडे पाव आहे का? बिस्कीट? काहीही?"

झालं. बावीस पिशव्या एकदम उघडल्या. परदेशात जाऊन आपली माणसं उपाशी मरतील म्हणून घरून काय काय आणलं होतं! चिवडा निघाला, बेसनाचे लाडू निघाले, लसणाची चटणी निघाली. एकीने तर "चकल्या चालतील का हो, पाळकसाहेब?" असं विचारलं आणि साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने डबा पदराखाली घातला.

तेवढ्यात सगळ्यात वरच्या पायरीवरून आवाज आला, "माझ्याकडं भाकरी हाय."

सगळ्यांच्या माना वळल्या आणि पिशव्यांतले हात तिथंच थांबले. कारण ती दीनाबाई उजागरे होती, आणि त्या बावीस जणांत प्रभुभोजन घ्यायची मनाई असलेली ती एकटीच होती.

दीनाबाई आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात आया होती. नवरा लवकर गेला. एकुलती लेक रूथ, ती तिने एकटीने वाढवली, शिकवली. रूथने कॉलेजातल्या एका हिंदू मुलाशी लग्न ठरवलं. आमच्या साहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं, या लग्नाला मंडळीतल्या कुणीही जायचं नाही. कुणी गेलं नाही. पण दीनाबाई मांडवात बसली, मंगलाष्टकं ऐकली, आपल्या हाताने कन्यादान केलं. पुढच्याच आठवड्यात कमिटीने तिला शिस्तीखाली घातलं. म्हणजे चर्चला, आमच्या भाषेत देवळात, यायचं, गायचं, दान टाकायचं, पण प्रभुभोजन नाही. भर मंडळीत उभं राहून "चुकले" म्हणेपर्यंत नाही.

"चुकले असते तर म्हणाले असते," दीनाबाई म्हणाली होती, आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती. त्या गोष्टीला फिलिप्पैच्या वेळी पंधरा वर्षं झाली होती.

आमच्याकडे थाळी हातोहात फिरते. शेजारच्याने आपल्याला द्यायची, आपण घेऊन पुढच्याला द्यायची. शेवटच्या बाकावर थाळी आली की देणारा हात उंच करायचा आणि दीनाबाईच्या डोक्यावरून पलीकडच्याला द्यायचा. पंधरा वर्षं ती त्या थाळीखाली मान ताठ ठेवून बसली. एकदाही खाली घातली नाही.

त्या सकाळी आम्ही फिलिप्पैचे अवशेष पाहिले होते. केवढं ते उजाड पडलेलं शहर! खांब आडवे पडलेले, देवळांची नुसती जोती उरलेली, पौलाला कोंडलं होतं म्हणून दाखवतात ती कोठडी, आणि जुन्या रस्त्याच्या फरशीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. दीनाबाई चप्पल काढून त्या फरशीवरून चालत होती. "दगडाला सुदिक चाकं रुततात बघा," ती म्हणाली.

गाईडबाई इंग्रजीत सांगायची आणि साहेब मराठीत. तिने सांगितलं की पौल इथं आला तेव्हा प्रार्थनेला देऊळ नव्हतं, मंडळी नव्हती. गावाबाहेर नदीकाठी काही बायका जमायच्या, एवढंच.

"नुसत्या बायाच?" दीनाबाईने विचारलं.

"हो."

"मग त्यांच्यावर कमिटी कोणाची होती, तेवढं तिला विचारा की."

दोघीतिघी फिसकन हसल्या. साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढं निघाले. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. मीच गाईडबाईला विचारलं. ती म्हणाली, तिला तरी अशी कुठली कमिटी ठाऊक नाही.

"मला वाटलंच," दीनाबाई म्हणाली. मग एका पडक्या भिंतीच्या सावलीला आम्ही दोघी बसलो. तिने आधी नेहमीचा प्रश्न केला, "लोणचं कसं काय, पाळकीणबाई?"

हा प्रश्न ती मला पंधरा वर्षं विचारत आली होती, भेटेल तिथं, डोळे मिचकावून. आणि दर वेळी माझ्या कानाच्या पाळ्या तापायच्या. "बरं आहे," मी म्हणायचे आणि विषय बदलायचे. त्या दिवशी तिनेच बदलला.

"रूथनं मला या सहलीला धाडलं. मला काय, दगडं बघायची हौस न्हाई. पर ही बायांची नदी हाय म्हणून आले. साहेबांना म्हणावं, आज मला द्या. चुकले म्हणणार न्हाई मी. तसंच द्या. त्या नदीवर तरी माझ्या डोक्यावरून थाळी नका नेऊ."

तिने पंधरा वर्षांत कुणाकडे काही मागितलं नव्हतं. "मी बोलते," मी म्हणाले.

बसमध्ये मी बोललेसुद्धा. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"शिस्त काय गावाला ठेवून आलोय आपण?" ते म्हणाले. "तिनं एक शब्द म्हणावा. मी आत्ता देतो."

"तिची लेक सुखात आहे. जावई सासूला आईसारखं बघतो. काय चुकलं म्हणायचं तिनं?"

"मंडळीचा निर्णय आहे, पुष्पा. माझा एकट्याचा नाही."

"कमिटीत पहिला हात तुमचाच वर झाला होता."

"आणि तू तेव्हा काय म्हणाली होतीस?"

मी काहीच म्हणाले नव्हते. मी त्या दिवशी कमिटीला चहा दिला होता आणि कपबशा विसळल्या होत्या. त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. माझी भारी चीड आली मला.

तर अशी ती दीनाबाई, आणि तिच्याकडेच भाकरी.

साहेब आणि साळवे बाजूला जाऊन कुजबुजले. मग साहेब मोठ्याने म्हणाले, "भाकरी चालेल. धान्याचीच आहे. पुष्पा, घेऊन ये."

मी पायऱ्या चढून वर गेले. दीनाबाईने पिशवीतून डबा काढला. बाजरीच्या कडक वाळवलेल्या भाकरी, वर तीळ लावलेले, स्वच्छ धुतलेल्या फडक्यात बांधलेल्या. चार दिवसांत त्यांना काही झालं नव्हतं.

"माझी भाकरी चालती व्हय?" तिने विचारलं.

"चालते म्हणाले."

"अन् मी?"

मी त्या फडक्याकडे बघत राहिले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, समजून घेतलं आणि दोन भाकऱ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या.

"न्या," ती म्हणाली. "प्रभूच्या नावानं मागितल्यावर म्या न्हाई म्हणत न्हाई कुणाला."

हे ती रागाने म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती साधेपणाने म्हणाली. त्या दहा-बारा पायऱ्या उतरताना माझ्या हातातल्या दोन भाकऱ्या मला पाट्यावरवंट्याएवढ्या जड लागल्या. तुमची नीती म्हणजे आहे तरी काय, असं मला तिथंच ओरडून विचारावंसं वाटलं. बाईचं पीठ चालतं, बाईचं मळणं चालतं, बाईच्या चुलीचा जाळ चालतो. आणि बाई नाही?

साहेबांनी प्रार्थना केली. भाकरी हातात घेऊन मोडली. पावाचा कधी आवाज होत नाही. या भाकरीचा कडकन आवाज झाला, नदीच्या त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला. तीळ पांढऱ्या कापडावर सांडले.

माझी जागा नेहमी पहिल्या ओळीत. मी उठले आणि सगळ्या पायऱ्या चढून वर जाऊन दीनाबाईच्या शेजारी बसले. साहेबांनी डोळे मोठे केले. मी नदीकडे बघितलं.

थाळी फिरायला लागली. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर, हातातून हातात. लोक तुकडा घेत, डोळे मिटत, चावत. कडक भाकरी, दातांनी फुटायला वेळ लागे, सगळीकडून कुरकुर आवाज येत होता. वाढायला म्हणून साळवे थाळीबरोबर पायरी पायरी चढत होते. थाळी माझ्या हातात आली. दीनाबाईच्या पलीकडे साळवे हात पुढं करून उभे राहिले.

"इकडं द्या, पाळकीणबाई," ते म्हणाले, आणि हाताने दाखवलं. वरून.

मी थाळी वर उचलली नाही. दीनाबाईसमोर धरली.

"घ्या, दीनाबाई."

"पुष्पा!" खालून साहेबांचा आवाज आला. तीस वर्षांत त्यांनी मला चारचौघांत असं कधी दरडावलं नव्हतं. "थाळी पुढं दे."

"देते. यांनी घेतल्यावर."

"त्या शिस्तीखाली आहेत."

"मग मलाही घाला!" मी उभी राहिले. आवाज कुठून आला कोण जाणे, पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला. "रूथच्या लग्नाला कुणी जायचं नाही असं सांगितलंत ना तुम्ही? मी गेले होते. आदल्या दिवशी दुपारी तुम्ही कमिटीत बसला होता, तेव्हा मागच्या बोळाने गेले. त्या घरात एक बाई नव्हती हो मुलीला हळद लावायला! आई एकटी पाट मांडून बसली होती. रूथला हळद मी लावली. या हातांनी."

कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मी थांबले नाही.

"संध्याकाळी तुम्ही विचारलंत, हात पिवळे कशाने? मी म्हणाले, लोणचं घातलं. खोटं बोलले, ते फक्त दीनाबाईंना ठाऊक होतं. सोमवारी तुम्ही यांना शिस्तीखाली घातलंत, आणि मी तुम्हा सगळ्यांना चहा दिला. हे माझं चुकलं. हळद नाही चुकली. चहा चुकला."

साहेबांच्या तोंडावरचा रंग उतरला होता. साळव्यांचा पुढं केलेला हात तसाच हवेत राहिला होता.

"आणि एक ऐका," मी म्हणाले. "याच हातांनी पंधरा वर्षं तुमच्या प्रभुभोजनाचा पाव कापलाय मी. तुम्ही खाल्लात, साळव्यांनी खाल्ला, सगळ्या मंडळीने खाल्ला. त्या लग्नाचा विटाळ असेल तर तो पंधरा वर्षं तुमच्या सगळ्यांच्या पोटात आहे. आणि नसेल, तर ही थाळी यांच्या डोक्यावरून जाणार नाही."

दीनाबाईने माझा पदर ओढला.

"कशाला बोललात, पाळकीणबाई?" ती हळूच म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "पंधरा वर्षं जपलं होतं म्या."

"बास झालं जपणं," मी म्हणाले. "घ्या."

तिने डोक्यावर पदर घेतला. पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. मग थाळीतला एक तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात घातला. सगळी मंडळी तिच्याकडे बघत होती. तिने सावकाश चावला, गिळला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

चकलीवाली बाई पहिल्यांदा हसली. मग तिच्या शेजारची. मग हसता हसता दोघी डोळे पुसायला लागल्या. मी माझा तुकडा घेतला. खरंच, मीठ कमी होतं.

थाळी मी साळव्यांना दिली. ते ती घेऊन खाली उतरले. पाळक सगळ्यांत शेवटी घेतो, तशी आमची रीत. थाळीत एकच तुकडा उरला होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि थाळीवर पांढरं कापड ओढलं. त्या दिवशी त्या नदीवर उपाशी राहिले ते एकटे आमचे साहेब.

परतीच्या प्रवासात ते माझ्याशी बोलले नाहीत. गावी आल्यावर कमिटी बसली. या वेळी मी चहा केला नाही. रविवारी साहेबांनीच व्यासपीठावरून चिठ्ठी वाचली: पुष्पलता शांतवन मकासरे यांना सहा महिने शिस्तीखाली ठेवण्यात येत आहे. आवाज एकदाच कापला, माझ्या नावापाशी. दीनाबाईबद्दल चिठ्ठीत अवाक्षर नव्हतं. तिची शिस्त होती तिथंच होती.

पुढचा शनिवार महिन्याचा पहिला होता. साहेबांनी नेहमीच्या भट्टीचा पाव आणून ओट्यावर ठेवला, सुरी ठेवली. मी भाजी निवडत होते.

"पुष्पा, पाव," ते म्हणाले.

"खायला मी चालत नाही ना?" मी म्हणाले. "मग कापायलाही चालत नाही."

त्यांनी पाव पुढं ओढला. मग बाह्या वर करून स्वतः कापायला बसले. आयुष्यात कधी सुरी धरली नव्हती त्या माणसाने. एक तुकडा केवढा, दुसरा केवढा, कडा तशाच. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला सांगू. पण मी उठले नाही.

रविवारी मी देवळात गेले आणि पहिला बाक सोडून मधल्या वाटेने सरळ मागं चालत गेले. सगळ्यांच्या माना माझ्याबरोबर वळत गेल्या. वळू देत. शेवटच्या बाकावर दीनाबाई होती. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली.

"या, पाळकीणबाई. पर आधीच सांगते, इथं पंख्याचा वारा येत न्हाई."

"नसू दे."

थाळी निघाली. वेडेवाकडे तुकडे बघून बायका एकमेकींकडे बघत होत्या. पाव या वेळी मी कापलेला नाही हे सगळ्या गावाला तिथंच कळलं. थाळी शेवटच्या बाकावर आली. देणारा साळव्यांचा धाकटा भाऊ होता. तो घुटमळला, त्याने साहेबांकडे पाहिलं, आणि हात उंच केला. थाळी आमच्या दोघींच्या डोक्यांवरून पलीकडे गेली. खालून बघितलं तेव्हा मला कळलं की थाळीचा तळ काळा पडलाय. तीस वर्षांत मी ती वरूनच घासली होती.

दीनाबाईने मान ताठ ठेवून पिशवीत हात घातला. डबा काढला. त्याच फडक्यात बांधलेली भाकरी काढली, आणि भर देवळात, सगळी मंडळी डोळे मिटून बसलेली असताना, मध्यावर मोडली. कडकन आवाज झाला. पुढच्या सगळ्या बाकांवरचे डोळे उघडले. साहेबांचेही.

तिने अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी साहेबांकडे बघतच पहिला घास घेतला.

या खेपेला मीठ बरोबर होतं.